मेव्हण्याच्या वाटचं दूध

दाजी म्हणजे खरं तर एकाच माणसाचे दाजी. लोखंड ओतायच्या कारखान्यात ते भट्टी सांभाळायचे, आणि त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ तिथेच कामाला होता. तो त्यांना दाजी म्हणायचा. त्याचं ऐकून वाळू चाळणाऱ्यापासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळेच दाजी म्हणायला लागले. ऐंशी माणसांची मिळून एकच बहीण आणि ती यांना दिलेली, असा सगळा प्रकार. ती बहीण, म्हणजे अक्का, डबा घेऊन फाटकाशी आली की आतून ऐंशी भाऊ माना लांब करून बघायचे आणि दाजी हातातला लोखंडी गज उगारून त्यांच्या अंगावर धावायचे.

धावायचे म्हणजे खरोखर धावायचे. दाजींचा हात जिभेच्या आधी चालायचा. एकदा एक नवा सुपरवायझर भट्टीपाशी येऊन सारखा विचारत होता, "अजून किती वेळ? अजून किती वेळ?" दाजींनी त्याच्या डोक्यावरची टोपी उचलून भट्टीच्या तोंडात टाकली आणि म्हणाले, "ही जळून गेली की सांगतो." टोपीमागोमाग टोपीचा मालकही आत जायचा, चौघांनी दाजींना कमरेला धरलं म्हणून वाचला. पण भट्टीच्या बाबतीत दाजींचा शब्द शेवटचा. वरून निघणाऱ्या ज्वाळेचा रंग बघून आत लोखंड किती उतरलंय ते सांगायचे. तिला केव्हा किती कोक, म्हणजे भट्टीचा कोळसा, द्यायचा, हवेचा ब्लोअर केव्हा चढवायचा, हे त्यांनी कागदावर कधी लिहिलं नाही आणि कधी चुकलंही नाही.

आणि अशा माणसाने, भट्टीतलं एवढं कळणाऱ्या माणसाने, आपल्या मेव्हण्याला उपाशी मारायला घेतलं. मुद्दाम, प्रेमाने, दर दोन तासांनी.

त्याचं असं झालं. मेव्हणा अंगाने बैल. लेडल, म्हणजे वितळलेलं लोखंड वाहून नेतात ती मोठी बादली, दोन माणसं दोन बाजूंनी दांड्याला धरून नेतात. मेव्हणा पुढच्या बाजूला असला की मागचा नुसता हात लावून चालायचा, असं मागचेच सांगत. त्या दिवशी वाळूच्या एका साच्यावर छतातला पाइप रात्रभर ठिबकला होता. वरची वाळू सुकलेली दिसत होती, खाली ओल. मेव्हण्याने लेडल वाकवली, लोखंड साच्यात गेलं, आणि खालच्या पाण्याची एका क्षणात वाफ झाली.

आवाज असा झाला की दाजींच्या कानात पुढे तीन दिवस शिट्टी वाजत होती. साचा फुटून वाळू आणि लोखंड छतापर्यंत उडालं आणि पावसासारखं खाली आलं. मेव्हण्याचा शर्ट जळलाही नाही, तो नुसता नाहीसा झाला. छाती, दोन्ही मांड्या, पाठीचा अर्धा भाग. डाव्या बुटात लोखंड शिरलं होतं. तो ओरडत नव्हता, उभ्या उभ्या नाचत होता. दाजींनी त्याला खाली पाडलं, पायावर बसले, सुरीने बूट उभा चिरला. बुटाबरोबर पायाची दोन बोटं आली. अंगावरची चड्डी विझवायला दाजींनी नुसत्या हाताने ओढली, तर चड्डीबरोबर कातडी सोलून आली. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं की गाडीच्या ड्रायव्हरचं जेवण चाललंय. दाजी गेले, ड्रायव्हरला ताटावरून उठवलं आणि त्याचा जबडा मोडला. मग गाडी दुसऱ्याने चालवली, मागे एकाऐवजी दोन जखमी.

भाजलेल्यांच्या वॉर्डात डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं. "चाळीस टक्के भाजलाय. वरची जखम तुम्हाला दिसते. पण आता याचं शरीर आतून दुप्पट वेगाने जळायला लागणार. हे महिनोन्‌महिने चालेल. म्हणून याला खायला घालायचं. एवढं खायला घालायचं की तुम्हाला वेडेपणा वाटेल. अंडी, दूध, मांस. दर दोन तासांनी."

आता गंमत बघा. दाजींनी एकूण एक शब्द ऐकला. पण त्यातला "आतून जळणार" एवढा त्यांच्या डोक्यात रुतला आणि बाकीचा त्यांनी डॉक्टरांचा अडाणीपणा म्हणून सोडून दिला. कारखान्यातली जुनी रीत अशी की कुणाला भाजलं तर जखमेची आग थांबेपर्यंत त्याच्या पोटात काही घालायचं नाही. नुसतं पाणी. पोटात गेलं की आग भडकते. तीस वर्षं दाजींनी हेच केलं होतं, आणि बोटावर, मनगटावर, पोटरीवर भाजलेली माणसं तीस वर्षं बरी झाली होती. टिचभर भाजलेला माणूस जेवला काय आणि न जेवला काय, बराच होतो, हे कोणाच्या डोक्यात येणार?

वॉर्डात परिचारिका कमी, रोगी जास्त. भरवायचं काम नातेवाइकांचं. सकाळ-संध्याकाळ अक्का असायची, तिच्या हातून कसेबसे चार घास जायचे. दहा ते पाच दाजी, कारण चौकशीसाठी भट्टी बंद होती. पहिल्याच दिवशी अक्का जाताना म्हणाली, "अहो, माझ्यामागे आई-बाप नाहीत. हा एवढाच आहे. तुमच्या हवाली करून जातेय."

"जा गं. माझा कोणी लागत नाही का तो?" दाजी म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं.

मेव्हण्याला तर अन्न समोर आलं की उलटी यायची. ओठ सुजलेले, तोंडाला कोरड. दूध, अंडं आणि कसलीशी पावडर घुसळून केलेला घट्ट ग्लास समोर धरला की तो मान फिरवायचा आणि दुखणं दाबायच्या सुईच्या गुंगीत जायचा; कोण काय खातंय ते त्याला कळायचं नाही आणि नंतर आठवायचंही नाही.

"दाजी, नको."

"नको ना? मग नको. तुझ्या शरीराला कळतंय, डॉक्टरला कळत नाही."

पण ग्लास रिकामा परत द्यायला हवा, नाहीतर नाकातून नळी घालू अशी डॉक्टरांनी धमकी दिलेली. मोरीत ओतावं तर सफाईवाली बघायची. म्हणून दाजी तो स्वतः प्यायचे. दर दोन तासांनी. उकडलेली अंडी, मांसाचं पाणी, केळी, सगळं. एकट्याने संपेना तेव्हा भेटायला येणाऱ्या दोस्तांनी हात दिला. कारखान्यातला वाळूवाला तर बरोबर बाराच्या ठोक्याला भेटायला यायचा. "पैलवान, कसं वाटतंय?" असं मेव्हण्याला विचारत विचारत दोन अंडी सोलायचा.

वर आणखी एक. तो वॉर्ड मुद्दाम गरम ठेवलेला असायचा, माणसं घामाने भिजायची. दाजींना वाटलं, भाजलेल्याला उकाड्यात ठेवणारे हे कसले डॉक्टर? परिचारिकेची पाठ वळली की ते खिडकी उघडायचे, कपाळावर ओला फडका ठेवायचे आणि पुठ्ठ्याने तासन्‌तास वारा घालायचे. मेव्हण्याचे दात वाजायचे. "निघतेय, उष्णता निघतेय," असं म्हणून दाजी आणखी जोरात वारा घालायचे.

रोज सकाळी जखमा धुऊन पट्ट्या बदलायच्या. त्या खोलीचं दार जाड होतं तरी आवाज जिन्यापर्यंत यायचा. चौघं धरायची, पाचवी पट्टी सोडायची. चिकटलेली पट्टी निघाली की तिच्याबरोबर कालचं जे काही धरलं असेल ते निघायचं. पहिले दिवस मेव्हणा धरणाऱ्यांना झुगारून द्यायचा, एकदा एकाला भिंतीवर फेकलं. दुसऱ्या आठवड्यात दोघं पुरायला लागली. दाजी म्हणाले, "बघा, शांत व्हायला लागला."

मांडीच्या चांगल्या जागेची कातडी काढून छातीवर लावली होती. लावल्यापासून पाचव्या दिवशी ती ओल्या कागदासारखी सरकून खाली आली. खालचं मांस पांढुरकं पडलं होतं.

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरना रोगी फौजदार म्हणायचे. ठेंगण्या, चष्मा नाकावर, आवाज असा की सलाइनच्या बाटल्या हलाव्यात. त्या दिवशी त्यांनी मेव्हण्याचं वजन केलं. अठ्ठ्याहत्तरचा माणूस सहासष्टवर आला होता. वजन लिहिलेल्या कागदाकडे बघत राहिल्या.

"दाजी, हा सगळं खातो म्हणता?"

"सगळं. ग्लास बघा ना."

"ग्लास बघतेय मी. मग जातंय कुठे?"

एवढं बोलून त्यांनी चष्म्यावरून दाजींकडे बघितलं. दाजी नेमके त्याच वेळी पँटचं वरचं बटण सोडून बसले होते. चार दिवस ते लागतच नव्हतं. आणि वरच्या ओठावर दुधाची पांढरी रेघ.

"उठा," फौजदार म्हणाल्या. "काट्यावर उभे राहा."

"मी कशाला? मला काय झालंय?"

"उभे राहा!"

दाजी उभे राहिले. "आधी किती होतं?" असं त्यांनी विचारलं तेव्हा दाजी खोटं बोलायलाही विसरले. पाच किलो वाढलं होतं. फौजदारांच्या हातात औषधांचा स्टीलचा ट्रे होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी उचलून दाजींच्या कानशिलावर हाणला. गोळ्या सगळ्या वॉर्डभर उडाल्या. दाजींवर हात उचललेलं माणूस तोवर जन्माला आलं नव्हतं, आणि दाजींनी मूठ वळलीसुद्धा. पण फौजदार मागे हटल्या नाहीत.

"मारा. मला मारा. त्याला तर मारलंच आहे."

"मी? मी आग कमी करत होतो त्याची! जळत्या माणसाच्या पोटात कोण कोळसा टाकतं?"

फौजदारांनी त्यांचं मनगट धरलं आणि ओढत मेव्हण्याच्या खाटेपाशी आणलं. चादर बाजूला केली. "ही मांडी बघा. इथे मांस होतं. कुठे गेलं? तुम्ही त्याला बाहेरून दिलं नाही, म्हणून त्याने आतलं जाळलं. नुसती चरबी असती तर मी काही म्हटलं नसतं. मांस जाळतंय त्याचं शरीर. दंडाचं झालं, मांडीचं झालं. पुढे श्वास घ्यायला लागतं ते. त्यापुढे हृदय, तेही मांसच आहे. जखमेला नवी कातडी यायला माल लागतो, तो कुठून आणायचा त्याने? आणि वर तुम्ही खिडक्या उघडता! कातडी नसलेल्या माणसाला थंडी वाजते. ऊब आणायला ते शरीर आणखी जोराने जळतं."

दाजींना पंचवीस वर्षांपूर्वीची दुपार आठवत होती. कोकची गाडी आली नव्हती. मालक म्हणाला, ब्लोअर बंद करू नका, हवा चालू ठेवा, गाडी येतेच आहे. आत कोक संपला तरी हवा घोंघावत राहिली. आग विझली नाही. आग आतल्या विटांच्या अस्तराला लागली, अस्तर खाऊन पत्र्याला लागली, आणि भट्टीच्या कुशीतून लोखंड बाहेर आलं. त्याच्या वाटेत एक माणूस उभा होता. त्याचं जे उरलं ते दाजींनी फावड्याने गोळा केलं होतं. त्या दिवसापासून दाजींचा नियम होता की हवा चालू असताना कोक थांबवायचा नाही. नवशिक्यांना हा नियम ते थोबाडीत मारून शिकवायचे.

"हवा बंद करता येते का?" दाजींनी विचारलं. "त्याच्या आतली?"

"नाही. जखमा भरेपर्यंत नाही."

दाजी वळले आणि भिंतीवर डोकं आपटायला लागले. एकदा, दोनदा, तीनदा. भिंतीचा रंग कपाळाला आणि कपाळाचं रक्त भिंतीला लागलं. फौजदारांनी मागून कॉलर धरली.

"पुरे. मला पट्ट्या कमी आहेत."

"जगेल का तो?"

"सांगता येत नाही."

"अक्काला सांगणार तुम्ही?"

"मी कशाला सांगू? तुम्ही सांगायचं. आणि अक्काला नंतर, आधी याला. हा पायावर उभा राहिला तर, ज्या दिवशी राहील त्या दिवशी. कबूल?"

दाजींनी मान हलवली. आता दाजींच्या जिवाला एकच घोर. मेव्हणा मेला तर अक्का संपली. आणि जगला तर त्याच्या डोळ्यात बघून हे सांगायचं.

नाकातून नळी घातली. दाजींना वाटलं, आता दोन आठवड्यांचं एकदम भरून काढू. फौजदारांनी हात धरला. "उपाशी शरीरात एकदम ओतलं तर तेही मारतं. रक्तातले क्षार कोसळतात, हृदय बंद पडतं. आज एवढं, उद्या थोडं जास्त." दाजी त्या नळीतून थेंब थेंब उतरणारं पांढरं अन्न बघत बसायचे, भट्टीच्या ज्वाळेकडे बघायचे तसे. दुसऱ्या दिवशी बारा वाजता वाळूवाला आला, "पैलवान, कसं वाटतंय?" म्हणाला आणि सवयीने शेजारच्या रोग्याच्या अंड्याकडे हात नेला. दाजींनी त्याला जिन्यावरून खाली लोटलं. तो लंगडत घरी गेला, आणि का लोटलं ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग जखमांत पू झाला. आठ दिवस ताप एकशेचारच्या खाली येईना. मेव्हण्याला भ्रम झाला. त्याला वाटायचं, लोखंड अजून वरून पडतंय. तो नळी उपटायचा, नाकातून रक्त, तोंडातून दूध. दाजी त्याच्या हातांवर आडवे पडायचे.

"सोडा! जळतंय! दाजी, सोडा!"

"गप! गप पड! आई आठव, बाप आठव, मला शिव्या दे, पण नळी ओढू नको!"

ज्याच्याशी पंजा लढवताना दाजी दर वेळी हरायचे, त्याची दोन्ही मनगटं आता दाजींच्या एका मुठीत मावत होती. जोर लावायची गरजच पडेना. दाजींनी नंतर आयुष्यात पुष्कळ काही सांगितलं, पण तेवढं सांगताना ते एक मूठ मिटून दाखवायचे.

वजन अठ्ठावन्नपर्यंत उतरलं आणि तिथे अडलं. एक आठवडा अडलं. मग चारशे ग्रॅम वाढलं. त्या चारशे ग्रॅमसाठी दाजींनी फौजदारांना उचललं, आणि दुसऱ्यांदा ट्रे खाल्ला. पुन्हा कातडी लावली, ती धरली. छातीवर गुलाबी, सुरकुतलेलं, पण धरलं. नळी निघाली. मग घास. दाजी घास घेऊन बसायचे आणि मेव्हण्याने तोंड मिटलं की नाक दाबायचे.

"उघड! उघड म्हणतो ना! बोकड्या, चावू नको, गीळ!"

"दाजी, पोट फुटेल."

"फुटू दे, शिवायला इथे माणसं आहेत."

नुसतं खाल्लं तर चरबीच होणार, मांस हवं तर हलायला हवं, म्हणून व्यायामवाल्या बाई यायच्या. आखडलेली कातडी ताणताना मेव्हणा त्यांना अशा शिव्या द्यायचा की बाजूच्या खाटेवरचा म्हातारा कानात कापूस घालून बसायचा. बाई म्हणायच्या, "द्या, द्या. छाती फुगते त्याने." आणि हात आणखी वर ताणायच्या.

या सगळ्यात एक भलतंच होत होतं. मेव्हणा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "मी गेलोच होतो. दाजींनी ओढून आणलं. पहिल्या दिवसापासून या माणसाने स्वतःच्या हाताने भरवलंय मला." अक्काही मैत्रिणींना तेच सांगायची. अशा वेळी दाजी उठून संडासात जाऊन बसायचे. त्यांना वाटायचं, ट्रे बरा.

घरी सोडायचा दिवस आला. दुपारची वेळ. वजन त्रेसष्ट. मेव्हणा काठी न घेता वॉर्डाच्या दारापर्यंत चालत आला, आठ बोटांवर थोडा कलंडत. अक्का पिशव्या भरत होती. फौजदार टेबलापाशी काही लिहीत होत्या. त्यांनी मान वर करून दाजींकडे नुसतं बघितलं.

दाजींनी मेव्हण्याला दाराबाहेर बाकाजवळ गाठलं.

"ऐक. पहिले दोन आठवडे तू खाल्लंस ना, ते तू खाल्लंच नाहीस."

"म्हणजे?"

"ते मी खाल्लं. दूध, अंडी, सगळं. वाळूवाल्यानेही. मला वाटलं, पोटात गेलं की आग वाढते. खिडकीही मीच उघडायचो. ती पहिली कातडी गळाली ना, ती माझ्यामुळे. ताप आला तोही. भूल झाली माझी, पण केलं मीच."

मेव्हणा त्यांच्याकडे बघत राहिला. एवढा वेळ की दाजींना वाटलं, याला पुन्हा भ्रम झाला. मग त्याने उजवा हात मागे घेतला. नव्या कातडीला ताण पडला, त्याचं तोंड वेडंवाकडं झालं, तरी त्याने तो पुरता मागे घेतला आणि दाजींच्या नाकावर ठोसा मारला.

हाड मोडल्याचा आवाज अक्काला आत ऐकू गेला. दाजी बाकावरून पलीकडे पडले, डोकं फरशीवर आपटलं, रक्ताने शर्टाची पुढची बाजू लाल. मेव्हण्याने त्यांच्यावर ओणवं होऊन दुसरा मारला, तिसरा मारला. तिसऱ्याला दात गेला. मग त्याची छाती भात्यासारखी हलायला लागली आणि तो बाकाला धरून उभा राहिला. अक्का धावत आली.

"अरे, वेड लागलं का तुला? दाजी आहेत ते!"

"विचार त्यांना," मेव्हणा धापा टाकत म्हणाला. "विचार, माझ्या वाटचं दूध कोणी प्यायलं."

दाजींनी सांगितलं. फरशीवर पडल्या पडल्या, नाक धरून, सगळं. अक्काने ऐकलं. मग हातातली भरलेली पिशवी तिने नवऱ्याच्या पोटावर टाकली, तो भार काही हलका नव्हता, आणि भावाचा हात धरून ती जिन्याकडे निघाली.

फौजदार कापूस घेऊन आल्या. दाजी हसत होते. तोंडात रक्त, एक दात कमी, आणि माणूस हसतोय.

"सिस्टर, तुम्ही बघितलं का? ठोसा खांद्यातून आला होता. पुरा खांद्यातून!"

"मान वर करू नका. रक्त घशात जाईल."

जिन्याच्या वळणावर मेव्हणा थांबला होता. त्याला दम लागला होता. तिथूनच तो ओरडला, "दाजी! सहा महिने माझ्यासमोर यायचं नाही. तोंड दिसलं तर उरलेले दात पाडीन."

"सहा?" दाजींनी नाकातला कापूस धरत विचारलं.

"सहा. एक दिवस कमी नाही."

दाजी जिन्याच्या कठड्याला धरून उठले. सगळं अंग दुखत होतं. त्यांनी मनात हिशेब करून पाहिला आणि खाली वाकून विचारलं,

"आजचा धरून, का उद्यापासून?"